पिवळ्या टोमॅटोची आढी

मी एक जुनी पाटी आहे. शाळेत लिहायची नव्हे, मित्रांनो. डोक्यावर घ्यायची, बांबूची. भाजीवाल्याकडे तुम्ही प्लॅस्टिकचे निळे क्रेट पाहिले असतील. ते येण्याआधी मेथी, कोथिंबीर, वांगी, आंबे, सगळे आमच्यातून शहरात यायचे. माझे वय मला नेमके सांगता येणार नाही. पण आमचे मच्छिंद्र चौथीत होते तेव्हा मी घरात आले आणि आज त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. यावरून तुम्हीच काय तो अंदाज बांधा.

माझा जन्म पुण्यातल्या बुरूड आळीत झाला. ओल्या बांबूच्या कामट्या काढून एका म्हातारीने मला दीड दिवसात विणले. काठ आवळताना ती गुडघा टेकवून असा जोर लावायची की मी करकरत असे. मच्छिंद्रांच्या आईने, म्हणजे सोजरबाईंनी, मला विकत घेताना उलटे करून बुडावर दोन बुक्क्या मारल्या, उजेडाकडे धरून पाहिले आणि मगच डोक्यावर ठेवले. मला त्याचा राग आला नाही. पारखून घेतलेल्या वस्तूला एक प्रकारचा मान असतो.

आम्ही आंबेगावला आलो. कात्रजच्या अलीकडचे हे गाव तेव्हा खरोखरच गाव होते आणि पुणे तिथून लांब होते. पुढे पुणेच चालत चालत आमच्या दारात आले, ती गोष्ट वेगळी. सोजरबाईंनी मेथीचे दाणे भिजवून वाटले, त्यात रद्दी कागदाचा लगदा कालवला आणि मला आतून सारवून तीन दिवस उन्हात ठेवले. त्यानंतर माझ्यातून मोहरीचा दाणासुद्धा गळला नाही.

माझे कामाचे दिवस तिथून सुरू झाले. पहाटे दव असतानाच कोथिंबीर उपटायची, जुड्या बांधायच्या, माझ्यात उभ्या रचायच्या आणि टेम्पोने मार्केट यार्ड गाठायचे. ओल्या कोथिंबिरीचे वजन काय असते ते सोजरबाईंच्या मानेला आणि माझ्या बुडालाच ठाऊक. पण तिथला एक व्यापारी माझ्याकडे पाहून म्हणायचा, "ही सोजरबाईची पाटी का? मग उलटून बघू नका. वर जे आहे तेच खाली असणार." पुष्कळ लोक चांगला माल वर मांडतात आणि किडका खाली दडवतात, मित्रांनो. सोजरबाईंनी ते कधी केले नाही. माझ्या आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी तीच.

वैशाखात माझे काम बदलायचे. विहिरीच्या कडेला सहा रायवळ आंबे होते. उतरवलेले कच्चे आंबे घरात आणून त्यांची आढी घालायची. म्हणजे तळाला भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे आणि वरून गोणपाट. त्या उबेत आंबा आतून पिकत जातो. सोजरबाई रोज सकाळी गोणपाट जरासा उचलून नाक आत घालायच्या आणि सांगायच्या, "आज न्हाई. परवा." त्यांचा परवा कधी चुकला नाही. गल्लीतल्या बायका आपापले आंबे घेऊन त्यांच्याकडे येत. "सोजरकाकू, तुमच्या हाताखाली ठेवा," म्हणत. हिरवे आत जायचे आणि पिवळेधमक बाहेर यायचे. आढीने फळ पिकते आणि पिकले की रंग पालटतो, हे त्यांनी पन्नास वर्षे पाहिले होते. ते पुढे महागात पडेल असे तेव्हा कुणाला वाटले असते?

मग दिवस पालटले. गावाची हद्द महापालिकेत गेली. विहीर बुजली, आंबे तुटले आणि कोथिंबिरीच्या वाफ्यांवर मच्छिंद्रांनी दोन इमारती उभ्या केल्या. आता त्यांत कंप्युटर कंपनीतली पोरे-पोरी भाड्याने राहतात. वाईट काही झाले नाही. घरात सुबत्ता आली. फक्त मला काम उरले नाही. जिन्याखालच्या फळीवर एक फुटके हेल्मेट आणि जुना आकाशकंदील यांच्यामध्ये मी कित्येक वर्षे पडून राहिले. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटले. जाता-येता सोजरबाई कधीतरी माझ्या काठावरून हात फिरवायच्या. सून म्हणायची, "आत्या, टाकून द्यायची का ही?" त्या म्हणायच्या, "काय खायाला मागती का ती तुला?"

इमारतींच्या मागे सहा गुंठे तेवढे मोकळे राहिले होते. ते मच्छिंद्रांची मुलगी तेजस्विनी हिने गेल्या दिवाळीत मागितले. ती कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे.

"बाबा, फक्त एक सीझन द्या. चेरी टोमॅटो लावते. चार कलर्सचे."

"तिथं पार्किंग करायचंय, तेजू. भाडेकरूंच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात. रोज कुणीतरी येऊन ओरडतं."

"एकच सीझन!"

मच्छिंद्र तसे लेकीला नाही म्हणणारे नव्हेत. त्यांनी अट घातली. सहकारनगरात एका सोसायटीच्या आवारात दर रविवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. फाल्गुनातल्या पहिल्या रविवारी तिने माल तिथे न्यायचा. लोकांनी आवडीने घेतला तर जागा तिची. नाही घेतला तर सोमवारी मुरमाची गाडी येणार आणि जागा गाड्यांची. तेजस्विनीने बापाच्या हातावर हात मारला.

तिने जीव ओतला, मित्रांनो. जिन्याखालून मला सगळे ऐकू यायचे. पहाटे पाण्याचा आवाज, काठ्यांना वेल बांधतानाची तिची पुटपुट. माघाच्या शेवटी झाडे लगडली. बोराएवढे टोमॅटो, पण रंग चार. लाल, केशरी, लिंबासारखे पिवळे आणि जांभळाकडे झुकणारे काळपट. चार गुळगुळीत फलकांवर तिने रंगांची माहिती सुरेख अक्षरात लिहून काढली. फलक बाजारासाठी होते. घरात कुणाला वाचून दाखवावे असे मात्र तिला सुचले नाही, आणि सोजरबाईंना चष्मा लावूनही अक्षरे जुळवावी लागतात.

रविवारच्या आधी शुक्रवारी आणि शनिवारी तेजस्विनीची परीक्षा होती. म्हणून गुरुवारीच तिने माल तोडला आणि रंगाप्रमाणे चार ट्रेमध्ये मांडून ओसरीवर ठेवला. दोन दिवस ती शिवाजीनगरला मैत्रिणीकडे राहणार होती. जाताना म्हणाली, "आजी, यांच्याकडे लक्ष दे हं. फ्रीजमध्ये नको ठेवू, चव जाते. हवा लागू दे."

"तू बिनघोर जा," सोजरबाई म्हणाल्या.

तेजस्विनी गेली आणि सोजरबाई ट्रेसमोर बसल्या. लाल टोमॅटो बघून त्यांची मान डुलली. पिवळे बघून त्या थबकल्या. टोमॅटो आधी हिरवा असतो, मग पिवळट होतो, मग लाल. हे त्यांना मार्केट यार्डाने शिकवलेले. म्हणजे पोरीने घाईत कच्चेच तोडले! केशरी अर्धेकच्चे. आणि काळे? ते तर उघडच नासलेले. रविवारी चार लोकांत पोरीची फजिती होणार आणि सोमवारी मुरूम येणार.

थोड्याच वेळात जिन्याखाली त्यांची पावले वाजली. त्यांनी मला फळीवरून उतरवले, कोळ्यांना हाकलले, ओल्या फडक्याने पुसले. शेजारच्या गोठ्यातून पेंढा आणला. किती वर्षांनी पेंढ्याचा तो वास माझ्या अंगाला लागला! मी खोटे का बोलू, मला आनंद झाला. थर लागले. पेंढा, पिवळे, पेंढा, केशरी. वर गोणपाट. काळे टोमॅटो घमेल्यात भरून त्यांनी त्याच गोठ्यातल्या म्हशीला घातले.

पण दुसऱ्याच दिवशी मला कळून चुकले. आंब्याची कातडी जाड असते. उबेने तो निवांत पिकतो. ही फळे आधीच पिकलेली, कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी. ती फुटू लागली. रस माझ्या कामट्यांमधून पाझरला. मला आंबूस वास येत होता. शनिवारी सोजरबाईंनी नाक आत घातले, थोडा वेळ तसेच ठेवले आणि स्वतःशीच म्हणाल्या, "अजून न्हाई." आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते.

शनिवारी तेजस्विनी दमून आली ती जेवून झोपली. रविवारी सकाळी तिने ओसरीवर येऊन पाहिले तर एकच ट्रे भरलेला, लाल. बाकीचे तीन मोकळे.

"आजी! बाकीचे कुठे गेले?"

"हायेत की. पिकाय घातल्यात." सोजरबाईंनी अभिमानाने माझ्यावरचा गोणपाट काढला, आणि चिलटे उडाली.

तेजस्विनीने पेंढ्यात हात घातला. बोटे चिकट होऊन वर आली. "अगं, हे काय केलंस तू? हे पिकलेलेच होते!"

"पिवळा टोमॅटो पिकल्याला आसतो व्हय?"

"पिवळा पिवळाच असतो, आजी! वर्षभर आढीत ठेवलास तरी तो लाल होणार नाही. त्याच्यात तो रंगच नसतो." मग तिला एकदम आठवले. "काळे कुठे आहेत?"

"ते नासल्यालं. म्हशीला घातलं."

"म्हशीला?"

"खाल्लं बया तिनं गुमान."

तेजस्विनी पायरीवर मटकन बसली. रडावे की हसावे हे तिच्या चेहऱ्याला ठरवता येईना. तेवढ्यात मच्छिंद्र दात घासत जिन्यावर आले. त्यांनी माझ्यात एकदा डोकावून पाहिले.

"चला," ते म्हणाले, "मुरूमवाल्याला नको म्हणून फोन करायचे कष्ट वाचले. तो येतोच आहे उद्या."

सोजरबाईंचा हात माझ्या काठावर होता. मग त्या उठल्या, मला नळाखाली नेले, पेंढा काढला आणि माझी कामटी न् कामटी खसाखसा घासली.

"तेजे, ऊठ. तीन दिस झालं तोडून. झाडावर आलं आसंल की काहीतरी."

"थोडंसंच असेल, आजी."

"मग थोडं घिऊ. पर मला आधी शिकीव. पिवळा पिकला हे वळखायचं कसं?"

मित्रांनो, त्या सकाळी मी वाफ्यात जाऊन बसले आणि एका नातीने आजीला टोमॅटो शिकवला. तिने सोजरबाईंचे बोट एका पिवळ्या फळावर ठेवले. लिंबाची हिरवट झाक जाऊन मधासारखा रंग आला, किंचित दबले आणि जरा वर उचलताच देठाच्या सांध्याशी टकन निघाले, की ते तयार. सोजरबाईंनी डोळे मिटून दुसरे फळ चाचपले. मग तिसरे. चौथ्याला त्या म्हणाल्या, "हे न्हाई. उद्या." तेजस्विनीने दाबून पाहिले. खरेच, उद्याचे होते.

"आता खा एक."

सोजरबाईंनी पिवळा टोमॅटो पदराला पुसून तोंडात टाकला. दाताखाली तो फुटला तशा त्या थांबल्या. "गोड हाय की गं! आंबट कसा न्हाई?"

"आंबटपणा आहे, पण जिभेला कमी लागतो. म्हणून हा नुसता खायचा, किंवा कोशिंबिरीत. यात लाल रंगाचं जे लायकोपीन असतं ते फारसं नाही. पण सी जीवनसत्त्व आहे."

"आन् लाल?"

"लालमध्ये ते लायकोपीन भरपूर. आणि गंमत म्हणजे शिजवला, वर चमचाभर तेल पडलं, की ते अंगाला जास्त लागतं."

"म्हंजी माझी तव्यावरची चटणी बरुबर हुती."

"एकदम बरोबर होती. लाल आंबट-गोड, रस्सा-चटणीला तोच. केशरी बघ, गाजरासारखा रंग, आणि पुष्कळदा गाजरातलंच बीटा कॅरोटीन. डोळ्यांना चांगलं. याची चव फळासारखी लागते. आणि काळा..." ती हसली. "काळ्याला जिथे ऊन लागतं तिथेच तो जांभळा होतो. जांभळात असतो ना, त्याच जातीचा रंग. चवीला एकदम गडद. म्हशीला विचार."

"मग ह्यात चांगला कंचा?"

"एकच असा नाही, आजी. रंगावरून थोडा अंदाज येतो, एवढंच. ऊन किती लागलं, पाणी किती पाजलं, कधी तोडला, त्यावर चव ठरते. लालसुद्धा घाईने तोडला तर पाणचट लागतो. सगळे थोडे थोडे खायचे."

सोजरबाईंनी एक पिवळा टोमॅटो तळहातावर फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "ज्वारीची भाकर पांढरी, बाजरीची काळपट. बाजरीला कुनी जळकी ज्वारी म्हनत न्हाई. म्या टोमॅटोला म्हनलं."

तेजस्विनीने चिखलाच्या हातांनीच त्यांना मिठी मारली. "चूक माझी पण आहे. अख्ख्या बाजाराला सांगायला फलक लिहिले आणि तुला नाही सांगितलं."

जेमतेम अर्धी पाटी भरली. चौदा-पंधरा काळे मिळाले, केशरी ओंजळभर, बाकी पिवळे. तेजस्विनीने लालचा ट्रे घेतला. सोजरबाईंनी पदराची चुंबळ केली आणि मला डोक्यावर घेतले. रिक्षावाला म्हणाला, "आजी, मागे ठेवा ती." त्या म्हणाल्या, "ती मागं न्हाई बसत." मग मी त्यांच्या मांडीवर बसून गेले.

बाजारात लाल टोमॅटो भराभर गेले. आमच्यापाशी मात्र लोक येत, फलक वाचत, मान तिरकी करून बघत आणि पुढे जात. तेजस्विनीचा चेहरा उतरू लागला. लाल टोमॅटो तर कुठेही मिळतात. त्याच्यासाठी कुणी सहा गुंठे राखून ठेवत नाही. मग चष्मा कपाळावर ढकललेल्या, सुती साडीतल्या एक बाई आल्या. सुनीतीबाई त्यांचे नाव. निवृत्त शिक्षिका होत्या हे त्यांच्या उभे राहण्यावरूनच कळत होते.

"लाल संपले वाटतं? हे पिवळे आम्ही घरी नेऊन काय करायचं, पिकण्याची वाट बघायची?"

तेजस्विनी फलकाकडे बोट दाखवू लागली. "वाचलं मी," सुनीतीबाई म्हणाल्या. "लिहायला काय, काहीही लिहितात."

तेव्हा सोजरबाई पुढे सरकल्या. "बाई, मलाबी आक्षी तसंच वाटलं हुतं. ही माझी नात. तिनं तोडून ठिवलं आन् म्या आढी घातली."

"आढी? टोमॅटोची?"

"व्हय. पेंढा, गोनपाट, समदं. तीन दिस. त्यातला सगळा माल गेला. काळं हुतं ते म्हशीला चारलं. आज सकाळी उमगलं का हे असंच पिकतं. एवढं वय झालं, पर खाऊन बघायचं सुचलं न्हाई. तुमी तेवढं करा. आधी खावा, मग बोला."

सोजरबाईंनी एक पिवळा पुढे केला. आजूबाजूचे दोघे-चौघे थांबले होते. आपली चूक भर बाजारात अशी मोकळेपणाने सांगणारी विक्रेती त्यांनी पाहिली नव्हती. सुनीतीबाईंनी टोमॅटो तोंडात टाकला आणि डोळे बारीक करून सावकाश चावला.

"काय?" शेजारच्या गृहस्थांनी विचारले.

"काय काय? तुम्ही आपला वेगळा घ्या," त्या म्हणाल्या. "आजी, पाव किलो द्या. दोन काळेही टाका. म्हशीला आवडले म्हणजे काहीतरी असणार."

त्यानंतर माझ्याभोवती गर्दी झाली. जो येई त्याला सोजरबाई आढीची गोष्ट सांगत आणि एक टोमॅटो हातावर ठेवत. दुपारचे बारा व्हायच्या आत माझ्यात देठ तेवढे उरले. मच्छिंद्र गाडी घेऊन न्यायला आले, तेव्हा सुनीतीबाई पिशवी घेऊन पुन्हा आल्या होत्या. गाडीतून उतरणाऱ्या मच्छिंद्रांना त्यांनी वरून खाली न्याहाळले.

"तुम्ही यांचे ड्रायव्हर का?"

"मी... मुलगा आहे यांचा."

"मग पुढच्या रविवारी जरा लवकर आणून सोडा यांना. आणि अर्धीच पाटी का? भरून आणा."

इमारतींचे मालक मच्छिंद्र "हो, हो" म्हणाले. पुण्यात अशा वेळी दुसरे काही म्हणता येत नाही.

घरी आल्यावर मच्छिंद्र एवढेच म्हणाले, "अर्ध्या पाटीवरून सहा गुंठ्यांचा निकाल कसा लावायचा, आये?"

"लावू नगंस. चव घे."

सोमवारी मुरमाची गाडी आलीच. मी वाफ्याच्या कडेला होते, मला सगळे दिसले. मच्छिंद्र ड्रायव्हरशी बोलता बोलता वेलीशी आले, एक केशरी टोमॅटो तोडून त्यांनी तोंडात टाकला. बोलणे तुटले. मग त्यांनी आणखी एक तोडला. त्यानंतर जमिनीच्या बरोबर मधोमध त्यांनी चपलेच्या टाचेने एक लांब रेघ ओढली आणि म्हणाले, "इथवरच टाक."

तीन गुंठे गाड्यांना, तीन गुंठे टोमॅटोला. तेजस्विनीला सगळे मिळाले नाही, पण गेलेही नाही. ड्रायव्हर गाडी मागे घेऊ लागला. तेवढ्यात सोजरबाई आल्या. त्यांनी मच्छिंद्रांकडे पाहिले, रेघ पायाने पुसली आणि चार पावले गाड्यांच्या बाजूला सरकून नवी रेघ ओढली. मच्छिंद्रांनी पाहिले. ते ड्रायव्हरला म्हणाले, "आये म्हणती तिथवर."

मित्रांनो, आता दर रविवारी मी भरून जाते. तुमच्याजवळ माझे मागणे एवढेच आहे. एखादे फळ आपल्या सवयीच्या रंगाचे नसले म्हणून त्याला कच्चे किंवा नासके ठरवू नका; आधी एक खाऊन पाहा. आणि तुम्ही नवे काही शिकलात तर ते जगाला सांगण्याआधी घरात जे म्हातारे माणूस ओसरीवर बसलेले असते त्याला सांगा. ते तुमच्यासाठी काहीतरी करायला निघालेलेच असते. त्याच्याजवळ बसा, त्याचे बोट धरून त्या फळावर ठेवा.